फॉर्मची मागची बाजू

आमच्या तालमीचं रक्तदान शिबिर दरवर्षी २६ जूनला, शाहू जयंतीला असतं. बाहेर पावसाची झिमझिम, आत आखाड्याला लागून असलेल्या हॉलमध्ये सहा खाटा, कोपऱ्यात कॉफीची टाकी आणि बिस्किटांचे पुडे, भिंतीवर 'रक्तदान हेच श्रेष्ठदान' असा फ्लेक्स, आणि दारापासून रस्त्यापर्यंत पोरांची रांग. त्या दारातल्या टेबलावर मी बसतो. तेवीस वर्षं बसतोय. काम एकच, फॉर्म भरून घ्यायचे.

फॉर्मला दोन बाजू असतात. पुढं नाव, वय, वजन, मोबाइल, रक्तगट, मागच्या वेळी कधी दिलं. मागं बारीक अक्षरात प्रश्न. कावीळ झाली होती का, मलेरिया झाला होता का, अंगावर गोंदवून घेतलंय का, कुत्रं चावलंय का, आणि असंच बरंच. प्रत्येकापुढं 'हो' आणि 'नाही'चे चौकोन. पुढची बाजू पोरं स्वतः भरतात. मागच्या बाजूसाठी माझं एक ठरलेलं वाक्य होतं, "मागं सगळं नाही कर आणि सही ठोक." हे वाक्य आजवर किती वेळा म्हटलं असेल त्याचा हिशेब नाही. दीडशे-पावणेदोनशे पोरं, त्यातल्या निम्म्यांना कामावर जायचं असतं, ताडपत्रीत साठलेलं पाणी मधूनच कुणाच्या तरी डोक्यावर कोसळत असतं, आणि अध्यक्षांचं सगळं लक्ष आकड्यावर. शेजारच्या तालमीनं एकशेसाठ पिशव्या काढल्या असतील तर आपल्या एकशेऐंशी झाल्या पाहिजेत. शाहू स्टेडियमवर फुटबॉलला जी ईर्षा, तीच इथं. कोल्हापुरात ईर्षा केल्याशिवाय पुण्यही लागत नाही.

त्यात भेटवस्तू. एका वर्षी पाण्याचा जार, एका वर्षी डबा, अलीकडं हेल्मेट. खरं तर रक्ताच्या बदल्यात काही द्यायचं नसतं. पैसे घेऊन रक्त देण्याचा धंदा सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या निकालानंतर १९९८ पासून देशात बंद झाला, त्यामागं कारण होतं. पैशासाठी देणारा माणूस आपला आजार लपवतो. पण हेल्मेटला पैसे कोण म्हणतंय? आयएसआय मार्कचं हेल्मेट समोर टांगलेलं असताना कुठलं पोरगं 'मला गेल्या वर्षी कावीळ झाली होती' म्हणून रांगेतून बाहेर पडेल?

हा कारभार झकास चालला होता. २०१९ च्या शिबिरात माझ्या मामेभावानं फॉर्म उलटा केला आणि वाचायला लागला.

मामेभावाचं नाव सांगत नाही. मी त्याला 'भावा' म्हणतो, आणि कोल्हापुरात सगळेच भावा असल्यामुळं त्याची ओळख आपोआप झाकली जाते. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. साच्यातून निघालेलं कास्टिंग पास करायचं की भंगारात टाकायचं हे ठरवणारा माणूस. बोलणंही तसंच, मोजून-मापून. रक्तगट ओ निगेटिव्ह. आपल्याकडं निगेटिव्ह गटाची माणसंच शंभरात पाचच्या आसपास, त्यात ओ निगेटिव्ह आणखी कमी. त्यामुळं अठरा पूर्ण झाल्यापासून त्याचा नंबर माझ्या डायरीच्या पहिल्या पानावर होता. रात्री दोनला फोन केला तरी "कुठं यायचं?" एवढंच विचारायचा. पुरुषाला तीन महिन्यांनी पुन्हा देता येतं. हा नव्वद दिवस मोजून तयार असायचा. त्या जूनपर्यंत एकवीस वेळा दिलं होतं.

त्याच्या आदल्या वर्षी, ६ सप्टेंबर २०१८ ला, सुप्रीम कोर्टानं ३७७ कलमातून समलिंगी संबंधांचा गुन्हा काढून टाकला. नंतर पंधरा-वीस दिवसांनी त्यानं मला रंकाळ्यावर बोलावलं. भेळ खाऊन झाली, कागदाचा बोळा झाला, तो हातातच फिरवत म्हणाला, "दादा, माझ्या रूमवर जो राहतो न्हवं, तो माझा रूम पार्टनर नाही."

"मग?" मी. इतका बावळट.

"रूम काढून टाक त्यातनं."

मला कळायला संध्यामठाच्या बाजूला एक पूर्ण फेरी मारावी लागली. परत आलो तेव्हा तो तिथंच बसून होता. मी म्हटलो, "मामीला माहीत आहे?" तो म्हणाला, "नाही. आणि तू सांगायचं नाहीस." आमच्यात ते तिथं मिटलं. मिटलं म्हणजे मी त्यावर परत बोललो नाही. त्याला मी समजूतदारपणा समजत होतो.

तर २०१९ चा जून. त्यानं फॉर्म उलटा केला, वाचला, परत वाचला. "दादा, हे बघितलायस काय कधी?" मी काय बघणार. त्यानं बोट ठेवून दाखवलं. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषद आणि नॅको या एड्स नियंत्रणाच्या सरकारी संस्थेनं २०१७ मध्ये रक्तदात्यांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात धोक्याच्या गटातल्यांनी रक्त देऊ नये असं आहे. गट कुठले? तृतीयपंथी, पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष, देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, सुईनं नशा करणारे, अनेक जोडीदार असणारे. हे सगळे एका ओळीत.

"नाही कर आणि सही ठोक," मी म्हटलो. हळू म्हटलो, पण म्हटलो. "एकवीस वेळा केलास की."

"एकवीस वेळा वाचलं नव्हतं," तो म्हणाला, आणि फॉर्म घेऊन डॉक्टरांच्या टेबलाकडं गेला.

डॉक्टर तरुण होता, भला होता. हे मुद्दाम लिहितो, कारण अशा गोष्टीत कुणीतरी खलनायक लागतो आणि इथं कुणी नव्हता. दोष असेल तर पडद्याचा, कारण पडदाच नव्हता. हे प्रश्न खासगीत विचारायचे असतात. आमच्याकडं डॉक्टरांचं टेबल वजनकाट्याला चिकटून आणि वजनकाट्यामागं रांग. शेजारी एक ताई बोटाला टोचून रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात सोडत होत्या. थेंब बुडाला की पोरगं पास, तरंगला की हिमोग्लोबिन कमी. भावाचा थेंब दगडासारखा बुडाला. मग तो डॉक्टरांपुढं बसला आणि मागच्या बाजूवरच्या त्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "एकच जोडीदार आहे, पाच वर्षं झाली, दोघांच्याही तपासण्या झाल्यात, हा रिपोर्ट मोबाइलवर आहे," हे सगळं त्यानं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही हे सांगितलंच नसतं तर..." आणि गप्प झाले. काय बोलून बसलो हे त्यांनाच कळलं. मग म्हणाले, "मला घेता येणार नाही. नियम आहे."

"किती दिवस?"

"कायमचं."

फॉर्मवर शेरा मारला. त्याला कॉफी प्यायला सांगितली, त्यानं प्यायली, कप नीट डब्यात टाकला, मला हात केला आणि गेला. त्याच्या मागून गेलेलं पोरगं मला माहीत होतं. आठवड्याला एक मुलगी बदलतो म्हणून कट्ट्यावर त्याचा सत्कार व्हायचा बाकी होता. तो 'अनेक जोडीदार'वाल्या शब्दाच्या शेजारी 'नाही' करून, पिशवी भरून, हेल्मेट घालून घरी गेला.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती आपण लहानपणी 'म्हणी जुळवा'मध्ये जुळवून मोकळे झालेलो असतो. त्या दिवशी मी ती टेबलामागं बसून बघितली, आणि दोर माझ्याच हातात होता.

पुढचं सांगायला नको वाटतं. कुणी हसलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. फक्त "त्याचं रक्त घेतलं नाही म्हणं" एवढी बातमी मंगळवार पेठेतून फिरली. अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "एड्स हाय काय रं त्याला?" आणि तिसऱ्या दिवशी मामी माझ्या दुकानात आली. काउंटरला टेकून उभी राहिली. "माझ्या पोराला काय झालंय ते सांग मला. मी काय घाबरतो व्हय? मी कुणाला सांगत नाही." मी म्हटलो, "काही झालेलं नाही मामी, तो ठणठणीत आहे." ती म्हणाली, "मग रक्त का नको झालं?"

ह्या प्रश्नाला काय उत्तर होतं? आजार आहे म्हणून घेतलं नाही, तर आजार कुठला? आजार नाही, तर मग का? तिसरं उत्तर फक्त एकच होतं आणि ते माझं नव्हतं. त्या रात्री त्याला आईसमोर बसावं लागलं. जे सांगायला तो आणखी पाच वर्षं घेणार होता, किंवा कधीच सांगणार नव्हता, ते कावीळ-मलेरियाच्या यादीनं त्याच्याकडून वदवून घेतलं. मामी दोन महिने त्याच्याशी बोलली नाही. आता बोलते. आता तर पार्टनरला दर रविवारी तांबडा-पांढरा लागतो म्हणून माझ्याकडं तक्रार करते. पण ते दोन महिने होतेच.

आणि त्या दोन महिन्यांतच पूर आला.

२०१९ चा ऑगस्ट कोल्हापुरातल्या माणसाला वेगळा सांगायला नको. पंचगंगा हायवेवर आली होती, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर रस्ता बंद, ट्रकच्या रांगा, गावात पेट्रोल नाही, दूध नाही. अशा एका रात्री अकराच्या सुमारास मला फोन आला. बाळंतीण, रक्तस्राव थांबेना, ओ निगेटिव्ह. ओ निगेटिव्ह माणसाला दुसरं कुठलंच रक्त चालत नाही. एरवी मी सांगलीला, कराडला फोन लावले असते, पण तिकडून येणार कसं? डायरी उघडली. पहिलं पान. मामेभाऊ माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर.

मी पान उलटलं.

दुसऱ्या पानावरचे तिघे पाण्यापलीकडं, चौथ्यानं पंधरा दिवसांपूर्वीच दिलेलं. शेवटी राजारामपुरीतलं एक कॉलेजचं पोरगं मिळालं, ते मध्यरात्रीनंतर पोचलं, पुढं तपासण्यांचा वेळ. बाई वाचली. बाळही. पण दहा मिनिटांच्या जागी तीन तास गेले, आणि ते तीन तास मी दवाखान्याच्या पायरीवर बसून काढले.

नंतर कधीतरी त्याला कळलं. "मला का फोन केला नाहीस?"

"केला असता तर काय म्हणाला असतास?"

"नाही म्हटलो असतो," तो म्हणाला. "खोटं लिहून दिलं नसतं. पण फोन करायला पाहिजे होतास."

त्यानंतर मी हा विषय वाचायला लागलो. वाचलेलं त्याला सांगायचो आणि तो ते फौंड्रीच्या भाषेत मला उलटं समजावून द्यायचा. माझी समजूत आधी अशी होती की रक्त तपासतातच, मग माणसाला कशाला विचारायचं? त्यानं पहिल्यांदा तेच मोडून काढलं.

आपल्याकडं प्रत्येक पिशवीची पाच गोष्टींसाठी तपासणी सक्तीची आहे. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, गुप्तरोगातला सिफिलिस आणि मलेरिया. पण लागण झाल्या दिवशी तपासणीत काहीच दिसत नाही. मध्ये काही काळ असा जातो की विषाणू रक्तात असतो आणि चाचणी 'नाही' म्हणते. एचआयव्हीसाठी नेहमीच्या एलायझा चाचणीत हा काळ साधारण काही आठवड्यांचा, विषाणूचं जनुकच शोधणाऱ्या नॅट चाचणीत दहा-अकरा दिवसांवर आलेला. नॅट महाग आहे, देशातल्या प्रत्येक रक्तपेढीत होत नाही. भावा म्हणाला, "कास्टिंगच्या आत ब्लो होल, म्हणजे हवेचं भोक असतं, वरनं दिसत नाही. अल्ट्रासॉनिकनं दिसतं, पण ठरावीक मापाच्या खालचं त्यालाही दिसत नाही. म्हणून आम्ही विचारतो, ओतताना काय झालं होतं? तसंच आहे हे. माणसाला विचारायलाच पाहिजे."

"मग नियम बरोबर आहे?"

"थांब की."

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत एड्स पहिल्यांदा दिसला तेव्हा चाचणीच नव्हती. ती आली १९८५ मध्ये. रक्तातून पसरतोय एवढं कळलं होतं, कुणाकुणात दिसतोय एवढं कळलं होतं, बाकी अंधार. तेव्हा १९७७ नंतर एकदाही दुसऱ्या पुरुषाशी संबंध आलेल्या पुरुषाचं रक्त घ्यायचं नाही असा कायमचा नियम झाला. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ ची, चेन्नईची. "त्या वेळी मी तिथं असतो तर मीही अख्खा लॉट रिजेक्ट केला असता," भावा म्हणाला. "मोजायला काहीच नसलं की लॉट टाकायचा असतो. पण मोजमाप हातात आल्यावरही चाळीस वर्षं तोच लॉट टाकत बसलास, तर मालक तुला विचारणार."

सरकारची बाजू लंगडी आहे असं मी म्हणत नाही. मणिपूरच्या सांता खुराई या तृतीयपंथी कार्यकर्तीनं २०२१ मध्ये या नियमाविरुद्ध सुप्रीम कोर्टात याचिका केली. त्यावर केंद्रानं २०२३ मध्ये सांगितलं की या गटांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा सहा ते तेरा पट आहे, आणि रक्त देणाऱ्याच्या हक्कापेक्षा सुरक्षित रक्त मिळण्याचा रुग्णाचा हक्क मोठा आहे. यातलं दुसरं वाक्य मला शंभर टक्के पटतं. आमच्या गल्लीत एक मुलगी आहे, थॅलेसेमिया मेजर. दर तीन आठवड्यांनी तिला रक्त चढवावं लागतं, जन्मभर. वर्षाला सतरा-अठरा वेळा कुणातरी अनोळखी माणसाचं रक्त तिच्या अंगात जातं. तिच्या आईला मी एकदा हे सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, लाटणं थांबवून म्हणाली, "भाऊजी, तुमच्या भावाबद्दल मला वाईट वाटतंय. पण माझ्या पोरीच्या बाटलीत हजारातली एक शंका सुद्धा मी का घ्यायची?"

हे मी भावाला सांगितलं. वाटलं, चिडेल. तो म्हणाला, "तिचं बरोबर आहे. रक्त देणं हा माझा हक्क नाहीच. तिला एकच विचार, रांगेतल्या पोरांना कोण काय विचारतंय ते बघितलंय काय तिनं?"

सहा ते तेरा पट म्हणजे काय तेही त्यानं कागदावर मांडून दाखवलं. देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास, पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत तीन टक्क्यांच्या आसपास. जास्त आहेच, नाकारायचं कशाला? पण म्हणजे शंभरातल्या सत्त्याण्णवांना लागण नाही, आणि त्या सत्त्याण्णवांना वेगळं काढता येईल असा एकही प्रश्न फॉर्म विचारत नाही. सुक्याबरोबर ओलं जळणारच, पण इथं ओलं कुठलं आणि सुकं कुठलं हे बघायचीच तसदी नाही. दुसरीकडं, आपल्या देशात ही लागण मुख्यतः स्त्री-पुरुष संबंधांतूनच पसरली, हे सरकारी अहवालच सांगत आलेत. त्या बाजूचा प्रश्न फॉर्मवर आहे, 'अनेक जोडीदार'. पण तो प्रश्न मागून मित्र ढकलत असताना, वजनकाट्याला टेकून, 'नाही' करण्यासाठीच विचारलेला असतो.

इटलीनं २००१ मध्येच गट सोडून माणसाला विचारायला सुरुवात केली. ब्रिटन पायरी पायरीनं आलं. कायमची बंदी, मग २०११ मध्ये वर्षभराची, २०१७ मध्ये तीन महिन्यांची, आणि १४ जून २०२१ ला, जागतिक रक्तदाता दिनाच्याच दिवशी, गटच काढून टाकला. आता तिथं पुरुष असो, बाई असो, सगळ्यांना तेच विचारतात. गेल्या तीन महिन्यांत नवा जोडीदार आला का, आला असेल तर कुठल्या प्रकारचा संबंध आला, एचआयव्ही टाळायच्या गोळ्या घेतल्या का. गोळ्यांचं विचारतात कारण त्यामुळं लागण चाचणीत उशिरा दिसू शकते. धोका असला तर तीन महिने थांबा. कॅनडानं २०२२ मध्ये केलं, अमेरिकेनं २०२३ मध्ये. तिथं प्रत्येक पिशवीची नॅट होते, हा फरक विसरून चालणार नाही. त्यांचा नियम उचलून इथं चिकटवला तर ती मुलगी धोक्यात येईल.

"तीन नको," भावा म्हणाला. "आपली चाचणी कमी पडते ना? सहा महिने ठेवा. वर्ष ठेवा. गोंदवून घेतलं की वर्ष आहे, बाळंतपण झालं की वर्ष आहे, मलेरियाला तीन महिने आहेत. सगळ्याला आकडा आहे. मला पण आकडा द्या. मी नऊ वर्षं एका माणसाबरोबर राहिलो तरी कायमचं, आणि तो पोरगा काल रात्री कुठं होता हे कुणी विचारलं नाही तरी पास. मग तुम्ही रक्त तपासताय का मला?"

मी उत्साहाच्या भरात एकदा शाहू महाराजांना मध्ये आणलं होतं. कोल्हापुरात वाद घालताना ते कधीतरी येतातच. भाऊसिंगजी रोडवरचं गंगाराम कांबळ्यांचं चहाचं हॉटेल, दलिताच्या हातचा चहा म्हणून लोक तिथं फिरकेनात, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून बरोबरच्या मंडळींसकट तिथं चहा प्यायचे. मी म्हटलो, "हे तसलंच आहे. विटाळ." मला वाटलं, मी फार मोठं बोललो. त्यानं मान हलवली. "दादा, चहातनं काही पसरत नव्हतं. ती निव्वळ नीचपणाची गोष्ट होती. रक्तातनं पसरतं. हे दोन्ही एक करू नको, नाहीतर उद्या कुणीतरी शहाणा आपल्याला तिथंच गाडेल." मी ती तुलना सोडून दिली. लिहिताना मात्र परत हात शिवशिवला, म्हणून निदान त्याचं उत्तर तरी लिहून ठेवलं.

२०२४ मध्ये लेखक शरीफ रांगणेकर यांनीही याचिका केली. मे २०२५ मध्ये कोर्टानं केंद्राला विचारलं की सगळ्याच तृतीयपंथीयांवर धोकादायक असा शिक्का मारायचा का, आणि तज्ज्ञांचं मत घ्यायला सांगितलं. ती बातमी मी त्याला व्हॉट्सअॅपवर पाठवली. अंगठा आला. थोड्या वेळानं दुसरा मेसेज. "यंदा मला तुझ्या टेबलावर बसव."

मी अध्यक्षांशी भांडलो असं म्हणता येणार नाही. मी पाठदुखीचं कारण सांगितलं.

२६ जूनला तो सकाळी सातला आला, घरून एक चादर घेऊन. कॅरमच्या खोलीच्या दाराला ती चादर बांधली, आत एक टेबल, दोन खुर्च्या. एक पोरगा आत, बाकीचे बाहेर, रेडिओचा आवाज मोठा, म्हणजे आतलं बाहेर ऐकू येऊ नये. फॉर्मची मागची बाजू तो एकेक ओळ वाचून दाखवत होता. त्या ओळीसकट, ज्या ओळीत तो स्वतः आहे. चौकोन त्यानं त्यांचे त्यांनाच करायला लावले आणि फॉर्म डॉक्टरांकडं. डॉक्टर या वर्षी दुसरे होते. त्यांनी चादर बघितली, काही न बोलता आपलीही खुर्ची उचलली आणि आत नेऊन ठेवली.

रांग दुपारपर्यंत हलली नाही. पोरं वैतागली. एकाच्या दंडावर एप्रिलमध्ये काढलेला महाराजांचा टॅटू निघाला.

"महाराजांचा हाय हो," तो काकुळतीला आला.

"महाराजांचाच आहे," भावा म्हणाला, "पण सुई कुणाची होती?" पुढच्या एप्रिलपर्यंत थांब म्हणून परत पाठवला.

आणि एक गोष्ट मी दारातून बघत होतो. दोघं-तिघं बाहेर आले की रांगेत कुजबुज व्हायची, 'आत खरंच विचारतंय गा'. मग कुणालातरी आठवायचं की मोबाइल गाडीच्या डिक्कीत राहिलाय. कुणाला आईचा फोन यायचा. "आलोच," म्हणायचे आणि पावसात पळायचे. असे मी नऊ मोजले. २०१९ ला हेल्मेट घालून गेलेला तो, आता त्याचं लग्न ठरलंय, चादरीच्या आत गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा कॉफी न घेता सरळ घरी गेला. आत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही, भावानं सांगितलं नाही.

संध्याकाळी एकशे एकतीस पिशव्या. मागच्या वर्षी एकशे ब्याऐंशी होत्या. शेजारच्या तालमीच्या एकशे सत्तर झाल्याची खबर चार वाजताच आली होती. खाटा दुमडल्या, फ्लेक्स उतरवला. भावा फॉर्म कडेला कड लावून गठ्ठ्यात बांधत होता, भरलेले एका बाजूला, अर्धे सोडलेले दुसऱ्या बाजूला.

अध्यक्ष आले. उरलेल्या हेल्मेटांच्या खोक्यांकडं बघत राहिले. "आकडा पाडलास की रं," ते भावाला म्हणाले.

"पाडला," भावा म्हणाला.

"स्टेजवर काय सांगू आता मी?" त्यांनी एक खोकं पायानं त्याच्याकडं सरकवलं. "घे हे. उरल्यात."

"मी रक्त दिलेलं नाही."

"ते मला माहीत हाय. पाऊस बघ बाहेर. मोपेडवर आलाईस न्हवं?"

त्यानं खोकं उघडलं, हेल्मेट उलटंसुलटं करून बघितलं, आतला मार्क वाचला, अंगठ्यानं काच दाबून बघितली, पट्टा ओढून बघितला. मग घातलं, चादर काखेत मारली आणि गेला.